बातमीच्या वेशातली जाहिरात

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. माध्यमांचा पक्षपात म्हटलं की आपलं बोट आधी अग्रलेखाकडे जातं. पण अग्रलेख आपलं मत उघडपणे मांडतो, त्याचा प्रतिवाद करता येतो. मला अधिक घातक वाटते ती विकलेली बातमी, कारण वाचकाला व्यवहाराचा पत्ताच नसतो.

महाराष्ट्रातली २००९ची विधानसभा निवडणूक घ्या. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी वेगवेगळ्या दैनिकांतला मजकूर ताडून पाहिला. एकाच नेत्याचं कौतुक, तेही अक्षरशः त्याच शब्दांत, स्पर्धक वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आलं होतं! प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं ‘पेड न्यूज’ची देशभर चौकशी केली आणि वृत्तपत्रांची नावं घेऊन सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलनं मात्र २०१०मध्ये संक्षिप्त अहवाल पुढे केला. मूळ अहवाल माहिती अधिकारामुळे २०११मध्ये खुला झाला. हा प्रसंग पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात शिकवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवरची माध्यम समिती अशा बातम्यांवर लक्ष ठेवते. बातमी पैसे देऊन छापल्याचं ठरलं, तर तिचा खर्च जाहिरातीच्या दरानं उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. म्हणजे भार उमेदवारावर. पैसे घेणाऱ्या वृत्तपत्राचं काय? विधी आयोगानं २०१५मध्येच अशा बातम्यांसाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही निवडणूक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली आहे.