एकाच अक्षवृत्तावरील तीन प्रदेश



पृथ्वीच्या कटिबंधांचा पाठ बहुतेक शाळांत फळ्यावरील एका वर्तुळाने सुरू होतो. मध्यभागी उष्ण कटिबंध, त्याच्या दोन्ही बाजूंस समशीतोष्ण आणि टोकांस शीत, अशी नावे लिहिली जातात व मुले ती पाठ करतात. सूर्यकिरण कोठे सरळ पडतात आणि कोठे तिरपे, यावर ही विभागणी आधारलेली आहे. ती खरी आहे, परंतु अपुरी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने तर उष्ण कटिबंधात उष्णतेमुळे मनुष्यवस्ती असणे शक्य नाही असे मानले होते. कर्कवृत्त उज्जैनजवळून जाते आणि नंदुरबार जिल्हा सर्वच्या सर्व त्याच्या दक्षिणेस आहे. तेव्हा त्या हिशेबाने धडगाव, तळोदे, नवापूर ही गावे वसावयासच नको होती!

उष्ण कटिबंध म्हणजे काय, हे दाखविण्यास एक सरळ काठी पुरते. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास या जिल्ह्यात सूर्य भरमाथ्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास ओळंब्यात उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुंध्याशीच नाहीशी होते. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरून आलेले असते, ही शिक्षकाची अडचण खरीच. तरी सुट्टीपूर्वी सांगून ठेवल्यास मुले हा प्रयोग घरच्या अंगणात आनंदाने करतात.

यानंतर पृथ्वीगोल घ्यावा आणि नंदुरबारवरून, म्हणजे सुमारे २१ अंश उत्तर अक्षवृत्तावरून, एक दोरा पूर्व-पश्चिम ताणावा. पश्चिमेस तो अरबस्तानात मक्केजवळून जातो आणि पूर्वेस व्हिएतनाममधील हनोई शहराजवळून. तिन्ही ठिकाणी सूर्य जवळजवळ सारखाच तापतो, दिवसही सारखेच लहानमोठे होतात. तरीही मक्केभोवती वाळवंट आहे, हनोईभोवती हिरवीगार भातखाचरे आहेत आणि नंदुरबारच्या उत्तरेस सातपुड्यातील पानझडी अरण्य आहे. मक्केस वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, हनोईस सुमारे सतराशे, आणि तेथे हिवाळ्यातही रिमझिम चालू असते. तापीकाठच्या मैदानात सुमारे सातशे मिलिमीटर पडतो, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाला साठविलेल्या ओलीवर काढावे लागतात.

विशिष्ट हवामानात वाढणाऱ्या वनस्पती व त्यांवर जगणारे प्राणी यांच्या समुदायास जीवसंहती म्हणतात. विषुववृत्तावरील सदाहरित वने, आफ्रिकेतील उंच गवताची माळराने, वाळवंटे, सैबेरियातील सूचिपर्णी अरण्ये आणि ध्रुवाजवळील शेवाळाचा टुंड्रा प्रदेश ही तिची मोठी उदाहरणे होत. १८८४ साली पृथ्वीच्या उष्णता-कटिबंधांचा नकाशा प्रसिद्ध करणारा व्लादिमिर केपेन हा मुळात वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होता. पुढे हवामानाचे वर्गीकरण करताना त्याने वनस्पती कोठे बदलतात हे पाहून सीमा ठरविल्या. अरण्य हा हवामानाचा दाखला आहे, ही त्याची दृष्टी खेड्यातील शिक्षकाच्या विशेष उपयोगाची आहे, कारण तापमापक नसला तरी झाडे सर्वत्र आहेत.

नवापूर आणि शहादे यांचेच पाहावे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे नवापूरकडील सह्याद्रीच्या टोकाच्या डोंगरांवर चढताना पाणी सोडतात. तेथे हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व भात पिकतो. डोंगर ओलांडून वारे तापीच्या मैदानात उतरतात तेव्हा त्यांतील ओल कमी झालेली असते. म्हणून तेथील कोरडवाहू शेतात ज्वारी व कापूस दिसतो. ऊस आणि केळी विहिरी-कालव्यांच्या पाण्यावर येतात. उंचीचा परिणामही याच जिल्ह्यात दाखविता येतो. तोरणमाळचे पठार तापीकाठाहून सुमारे एक हजार मीटर उंच असल्याने तेथे हवा पाच-सहा अंशांनी थंड असते, आणि अक्कलकुवा तालुक्यात डाब परिसरात स्ट्रॉबेरीचे पीक घेतले जाते. मात्र यामुळे तो भाग समशीतोष्ण कटिबंधात गेला, असे मुलांना सांगू नये. तेथील सूर्य आणि तेथील पावसाळा उष्ण कटिबंधाचाच आहे.

सर्वांत मोठा घोटाळा पानगळीविषयी होतो. युरोपातील झाडांची पाने थंडीच्या चाहुलीने गळतात, हे वाचून मुले सातपुड्यातील सागाचेही तेच कारण सांगतात. येथील पानगळ तहानेची आहे. पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून जमिनीतील ओल आटू लागताच साग, सलई, धावडा ही झाडे पाने टाकून आपले पाणी राखतात. असे अरण्य उजाड किंवा मृत म्हणणे चूक आहे. फाल्गुन-चैत्रात, जवळजवळ निष्पर्ण झालेल्या मोहाला फुले येतात, पळसही तेव्हाच फुलतो, आणि पावसाच्या कितीतरी आधी, ऐन उन्हात, मोहाला तांबूस पालवी फुटते. खोल गेलेल्या मुळांचा हा आधार असतो.

मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात आणि दिवस वर येण्यापूर्वी वेचावी लागतात. भिल्ल व पावरा कुटुंबांतील मुले त्या दिवसांत शाळेत उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ज्यांच्या शेतास पाणी नाही अशी अनेक कुटुंबे खरिपाचे पीक निघाल्यावर ऊसतोडणीसाठी गुजरातकडे व इतरत्र जातात, आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. हजेरीपटावरील या रिकाम्या चौकटींचा आणि चार महिन्यांच्या पावसाचा संबंध प्रथम शिक्षकाने स्वतः ओळखावा. मग उशिरा आलेल्या मुलास भिंतीशी उभे करण्याऐवजी, कोणत्या झाडाखाली फुले आधी पडली, पालवी किती दिवसांनी फुटली, पाऊस केव्हा आला, हे त्यास विचारता येईल. त्याने ते आपल्या भिलोरीत किंवा पावरीत सांगितले तरी चालेल. फळ्यावर मराठीत शिक्षक लिहील. या नोंदींची एक वही वर्षभर ठेवावी, आणि नवापूरकडील व शहाद्याकडील शाळांनी मार्चअखेर व पुन्हा ऑक्टोबरात आपल्या वह्यांच्या नकला परस्परांस पाठवाव्यात.