गावच्या कुत्र्यांचा वाली कोण?



आज आपण गावच्या कुत्र्यांबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून कोणी हसेल. कोणी म्हणेल, "माणसांची दुखणी काय थोडी आहेत? त्यात कुत्र्यांचे कुठे घेऊन बसलात?" एका गावी एका म्हातारबांनी आम्हाला हेच विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच आम्ही इथे आलो आहोत.

आम्ही तालुक्याच्या गावची आठ-दहा माणसे आहोत. कोणी मास्तर आहे, कोणी दुकानदार आहे. एक बाई शिवणकाम करतात. दोन पोरं कॉलेजात शिकतात. पगार कोणालाच नाही. आपापला धंदा सांभाळून उरल्या वेळात आम्ही जखमी आणि आजारी कुत्र्यांना मदत करतो.

हे काम कसे असते ते ऐका. रस्त्यावर गाडीखाली कुत्र्याचा पाय मोडतो. कोणी निरोप धाडतो. आम्ही जातो. दुखावलेले जनावर चावायला येते. म्हणून त्याच्या अंगावर गोणपाट टाकायचे. तोंडाला कापडाची पट्टी बांधायची. फळीवर घालून जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. त्या डॉक्टर काढतात. पण नंतर रोज जखम धुणे, औषध लावणे, खाऊ घालणे हे आमच्याकडे येते. एखादे पिल्लू कोरड्या विहिरीत पडते. त्याला पाटी सोडून वर काढावे लागते. काही कुत्री वाचतात. काही वाचत नाहीत.

आता विचारा, ही कुत्री कोणाची? पाटलांची नाहीत. शाळेची नाहीत. कोणीच 'माझे' म्हणत नाही. पण रात्री वेशीत परका माणूस आला की सगळ्या गावासाठी तीच भुंकतात. खळ्यावर धान्य पडलेले असते, तेव्हा राखण तीच करतात. मेंढपाळाला विचारा, कुत्र्यावाचून कळप राखता येतो का? मग जे सगळ्यांच्या उपयोगी पडते, ते सगळ्यांचेच नाही का?

आपल्याकडे ही समज जुनी आहे. नामदेव महाराजांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कुत्र्याने भाकरी पळवली. महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी भाकरी त्याने खाऊ नये, म्हणून! खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरीतही कुत्रा असतो. तसबिरीतल्या कुत्र्याला आपण हात जोडतो. दारातल्या कुत्र्याला मात्र दगड मारतो.

पण आम्ही नुसती दया मागायला आलो नाही. यात आपल्या लेकराबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कुत्रे पिसाळते, त्या रोगाला रेबीज म्हणतात. हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून येतो. चावल्यावर तो माणसाच्या अंगात शिरतो. आधी काहीच कळत नाही. काही आठवडे जातात, कधी महिने जातात. मग माणूस पाण्याला भिऊ लागतो. वाऱ्याची झुळूकही त्याला सोसत नाही. एकदा ही लक्षणे दिसली, की माणूस बहुधा वाचत नाहीच. मोठ्या शहरातला डॉक्टरसुद्धा मग काही करू शकत नाही. म्हणून लक्षणे दिसण्याआधीच उपाय करावा लागतो.

उपाय मात्र आहे. फ्रान्स देशात लुई पाश्चर नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. १८८५ सालच्या जुलै महिन्यात त्यांच्याकडे नऊ वर्षांच्या एका मुलाला आणले. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला जागोजागी चावे घेतले होते. पाश्चरांनी त्याला आपली नवी लस टोचली. मुलगा जगला. तेव्हापासून या रोगाला माणसाला अडवता येते.

कुत्रा चावला तर काय करायचे? हे नीट वाचा आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काही भरू नका. मंत्र-गंडेदोऱ्यात वेळ घालवू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने पुरी घ्या. पहिले घेऊन घरी बसू नका. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. पण त्यासाठी इंजेक्शन लांबवू नका.

हा झाला चावल्यानंतरचा उपाय. त्याहून चांगला उपाय चावण्याच्या आधी आहे. कुत्र्यालाच लस टोचायची. माणसाला होणारा हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच येतो. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाला पुढे पसरायला वाटच उरत नाही. ही लस दरवर्षी टोचावी लागते. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात.

हे खरोखर होते का? शेजारचा गोवा पाहा. तिथे २०१३ नंतर सरकार आणि सेवाभावी संस्था एकत्र आल्या. त्यांची माणसे गल्लीगल्लीत फिरली. जाळ्याने कुत्री धरायची, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि सोडून द्यायचे. शाळेत जाऊन मुलांनाही शिकवले. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. हे काम डॉक्टर आणि साध्या माणसांनी मिळून केले.

कोणी म्हणतात, "एवढा खटाटोप कशाला? विष घाला आणि मोकळे व्हा." विष घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय त्याने काम होत नाही. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने कुत्री मारायचा हुकूम काढला. त्यावर पारशी लोकांनी मोठी दंगल केली. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईत कुत्री मारली गेली. कुत्री संपली का? नाही संपली. त्याचे कारण सोपे आहे. उकिरड्यावर खायला असते, तोवर कुत्री राहतात. गावची कुत्री मेली, की जागा रिकामी होते. मग बाहेरची कुत्री येतात. त्यांना लस टोचलेली नसते. म्हणजे धोका उलट वाढतो.

म्हणून सरकारने २०२३ साली नवे नियम केले. कुत्र्यांचे निर्बीजीकरण करायचे, म्हणजे पिल्ले होऊ नयेत अशी शस्त्रक्रिया करायची. सोबत लस द्यायची. कानाला खूण करायची. मग जिथून धरले तिथेच सोडायचे. हे करून घेण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची आहे. पिसाळलेल्या कुत्र्याला मात्र सोडत नाहीत. शाळा, दवाखाने, एस. टी. स्टँड यांच्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२५ साली वेगळा हुकूम दिला. तोही पंचायतीने पाहावा.

कुत्री वर्षातून दोनदा विते. एका वेतात चार-सहा पिल्ले होतात. आज एका कुत्रीची शस्त्रक्रिया झाली, तर पुढच्या वर्षी दहा पिल्ले उपाशी मरत नाहीत. ही दया आहे आणि हा व्यवहारही आहे.

आता आमचे मागणे ऐका. पहिली गोष्ट पैशाची नाही. आम्हाला माणसे हवीत. लसीच्या दिवशी कुत्र्याला धरणारा माणूस त्याच्या ओळखीचा हवा. आम्ही परके. आम्हाला पाहून कुत्री पळतात. तुमच्या घरची म्हातारी 'यू यू' म्हणाली, की तेच कुत्रे शेपूट हलवत येते. डॉक्टरांच्या सुईपेक्षा त्या हाकेचे मोल कमी नाही.

दुसरी गोष्ट, गाडी. बाजाराला जाणारा टेंपो परत येताना रिकामा असतो. त्यात जखमी कुत्र्याला जागा द्या. तिसरी गोष्ट, जुनी गोणपाटे, चादरी, फुटकी घमेली फेकू नका. आम्हाला द्या. भाकरीचे चार तुकडे, मूठभर तांदूळ हेही चालते. चौथी गोष्ट, निरोप वेळेवर द्या. जखम ताजी असते तेव्हा काम सोपे असते. आठ दिवसांनी त्यात अळ्या पडलेल्या असतात.

पैसे द्यायचे झाले, तर पावती मागा. महिन्याचा जमाखर्च आम्ही चावडीवर लावतो. आता तुम्हाला वाचता येते. तो वाचा. शंका आली तर चारचौघांत विचारा. विचारल्याचा आम्हाला राग येणार नाही. हिशेब विचारणारा गाव आम्हाला आवडतो.

एक विनंती आहे. नको झालेली पिल्ले पोत्यात घालून आमच्या दारात टाकू नका. आमची जागा लहान आहे आणि हात थोडे आहेत. आधी येऊन भेटा. मार्ग काढू. आणि पोरांना सांगा, झोपलेल्या, खात असलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडू नका. बरेच चावे तिथेच टळतील.

मंडळी, आमच्या आठ-दहा माणसांनी पन्नास गावे सांभाळता येणार नाहीत. पण प्रत्येक गावात चार माणसे उभी राहिली, तर हे काम होईल. पुढच्या ग्रामसभेत एवढेच विचारा, "आपल्या गावात कुत्री किती? त्यांतल्या किती कुत्र्यांना लस टोचली?" मोजणी एका सकाळीत होते. वही आणि पेन्सिल घेऊन दोघांनी गावातून फेरी मारायची. आकडा तुम्ही लिहून काढा. लस घेऊन डॉक्टरांसह यायचे काम आमचे.