मूळपुरुषाचा घोडा



मागच्या उन्हाळ्यात सागरहून एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. सागर म्हणजे बुंदेलखंडातलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि मराठीलाही थोडा बुंदेली हेल. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट सांगतात : आमचे मूळपुरुष कोकणातून गोविंदपंत बुंदेल्यांबरोबर इकडे आले, पानिपतावर पडले, आणि पेशव्यांनी मुलाबाळांना जमीन इनाम दिली. गृहस्थांचा प्रश्न साधा होता. याचा कागद कुठे मिळेल?

गोविंदपंत खेर रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे. १७२९ मध्ये पहिले बाजीराव पेशवे बुंदेला राजा छत्रसालाच्या मदतीला धावले. त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालानं आपल्या राज्याचा वाटा त्यांना दिला. तो मुलूख सांभाळायला पुढे गोविंदपंत गेले, आणि असा अंमलदार कधी एकटा जात नसे. मागून कारकून, शिलेदार, आश्रित, झालंच तर भटजी. गोष्टीचा हा भाग सहज पटण्यासारखा आहे.

पानिपताचं मात्र जरा थांबून बघायला हवं. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. गोविंदपंत त्याआधीच, डिसेंबर १७६० मध्ये, अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असताना गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीत मारले गेले. त्यांच्या पथकातला माणूस त्यांच्याबरोबरच पडला असण्याचा संभव पुष्कळ. पण घरच्या गोष्टींत सगळे पूर्वज पानिपतावरच पडतात! पाच-सहा घराण्यांच्या कागदांत डोकावल्यावर मला याचं आश्चर्य वाटेनासं झालं आहे.

मी त्यांना म्हटलं, लढाईच्या मागे लागू नका, पैशाच्या मागे लागा. बखरीत सरदारांची नावं येतात, शिलेदाराचं नाव हिशेबात येतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, १८९१ च्या त्या दगडी इमारतीत, सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. त्यात पथकांच्या हजिऱ्या सापडतात. हजिरीत स्वाराचं नाव असतं, आणि त्याच्या घोड्याचा रंग नि किंमतही. घोडा स्वतःचा असेल तर तो शिलेदार, सरकारी पागेतला असेल तर बारगीर. घोडा मेला की त्याच्या भरपाईवरून लिखापढी होई, आणि माणूस मेला तर 'बालपरवेशी'. कामी आलेल्याच्या मुलांच्या पोटापाण्याची जी नेमणूक होई, तिला हा शब्द आहे. आमच्या गृहस्थांची 'मुलाबाळांना जमीन' बहुधा इथून आली असावी.

तारीख वाचायला थोडा सराव लागतो. कागदावर 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन, मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरच्या नोंदीत ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरच्या नोंदीत ६००. म्हणजे गोविंदपंतांचा मृत्यू आणि पानिपत, इसवी सनानं दोन वर्षांत पडले तरी दफ्तरात एकाच सालात बसतात.

आता जमीन. घराघरांत सरसकट 'इनाम' म्हणतात. सरंजाम असेल तर तो फौज बाळगण्यासाठी दिलेला असे, आणि नोकरी संपली की तत्त्वतः सरकारात परत जाई. इनाम वंशपरंपरा चाले. सनदेतला हा एक शब्द आधी बघावा.

आणि सनद नसेल तर? मग ज्यांनी इनामं काढून घेतली, त्यांच्याकडे जावं. १८५२ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं. साहेबांनी इनामदारांना विचारलं, जमीन कोणी दिली, कशाबद्दल दिली, आज खातो तो मूळ धन्याचा कोण? पुरावा पटला नाही ती इनामं खालसा झाली. लोकांनी कमिशनला शिव्याशाप दिले, आणि त्यात अन्याय नव्हता. पण त्याच धास्तीनं नातवंडा-पणतवंडांनी कैफियती लिहून दिल्या, खाली वंशावळ जोडली. एरवी आजोबांच्या वडलांचं नाव कोण लिहून ठेवणार होतं? अर्थात जमीन वाचवायला दिलेली ती जबानी आहे. तीत पूर्वजाचा पराक्रम थोडा फुगलेला असतोच. नावं घ्यावीत, पराक्रम हजिरीशी ताडून पाहावा.

एक अडचण उरते. सागर मुंबई इलाख्यात नव्हतं. जमीन तिकडची असेल तर कमिशनच्या कागदांत ती येणार नाही, तिकडच्याच महसुली दप्तरात शोधावी लागेल. देशावर दिलेली असेल तर आशा आहे. जमीन नेमकी कुठं होती, हे त्यांनी घरात कधी विचारलंच नव्हतं. ते परत गेले, ऐंशीच्या घरातल्या आत्याबाईंना विचारून आले, आणि आता पुण्यात खोली घेऊन या कागदांची मोडी लिपी शिकताहेत. शब्द तोडायला जागा न ठेवता बोरूनं एका दमात ओढलेल्या त्या ओळी. पहिले दोन महिने माणूस रडकुंडीला येतो.

परवा त्यांचा फोन आला. मूळपुरुषाचं नाव अजून सापडलेलं नाही. पण एका हजिरीतली आख्खी ओळ त्यांना कुणाच्या मदतीशिवाय वाचता आली होती. स्वार कुणी दुसराच. घोड्याचा रंग कुमाईत.