घर आणि बिऱ्हाड
(यशवंतपूर, बंगळुरू येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत घर आणि बिऱ्हाड हे दोन वेगळे शब्द आहेत. मुंबईच्या गिरणी कामगाराचे बिऱ्हाड लालबाग-परळला असे. घर मात्र कोकणात किंवा घाटावर. कन्नडमध्येही 'मने' म्हणजे राहते घर आणि 'ऊरु' म्हणजे आपले गाव. हा भेद केवळ भाषेचा आहे काय? नाही. त्याच्यामागे मजुरीचा हिशेब उभा आहे, आणि तो हिशेब उलगडणे हाच आजचा विषय आहे.

यशवंतपूरच्या परिसरात या प्रश्नाची तीन रूपे दिसतात. जवळच जालहळ्ळीला १९५३ साली एच.एम.टी. व १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने उभे राहिले. त्यांच्यासोबत कामगार वसाहती आल्या. तेथे क्वार्टर मिळालेल्या कामगाराला छप्पर मिळाले. परंतु ते नोकरीला बांधलेले होते. निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करावी लागे.

दुसरे रूप पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील तयार कपड्यांच्या कारखान्यांत दिसते. खेड्यातून आलेली स्त्री-कामगार येथे भाड्याच्या खोलीत राहते. तिच्या मनातले घर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात असते. केंद्र सरकारने २०१६ साली मालकाच्या हिश्श्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केला. तेव्हा त्या एप्रिलमध्ये हजारो स्त्रिया बंगळुरूच्या रस्त्यांवर उतरल्या. दोन दिवसांत सरकारला नियम मागे घ्यावा लागला.

तिसरे रूप बांधकाम कामगाराचे. इतरांसाठी मजल्यावर मजले चढवणारा हा कामगार स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. काम संपले की शेड उठते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्याच्याइतकी कोणाला लागू पडेल?

आता हिशेबाकडे वळू. एंगल्स यांनी १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. जर्मनीतील घरबसल्या काम करणाऱ्या विणकराजवळ स्वतःची झोपडी आणि परसातला भाजीपाला होता; म्हणूनच भांडवलदार त्याला कमी मजुरी देऊ शकत होता, हे त्यांनी दाखवून दिले. आज यशवंतपूरच्या फलाटावर गोरखपूरच्या गाडीची वाट पाहणारा कामगार याच नियमाने बांधलेला आहे. त्याचे बालपण गावाने पोसले, त्याचे आजारपण आणि म्हातारपण गावच सांभाळणार. शहर त्याच्याकडून केवळ उमेदीची वर्षे घेते आणि मजुरीही तेवढ्यापुरतीच देते. उरलेला खर्च गावचे घर सोसते, म्हणजे प्रामुख्याने त्या घरातील स्त्री सोसते.

परंतु याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा असंख्य कामगारांना गावच्या घरानेच आधार दिला. जे घर मजुरी कमी ठेवते, तेच घर झुंजायला बळही देते. ही विसंगती प्रत्यक्ष जीवनातील आहे.

मे २०२० मध्ये ती उघडी पडली. टाळेबंदीत मजुरी बुडालेला कामगार घरी निघाला. यशवंतपूरहून तुमकूरच्या वाटेवर असलेल्या चिक्कबाणावर स्थानकातून खास गाड्या सुटू लागल्या. ५ मे रोजी मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि राज्य सरकारने पुढील गाड्या रद्द केल्या. देशभर टीका झाल्यावर दोनच दिवसांत निर्णय फिरवला. ज्या शहराने कामगाराला कधी आपला मानले नाही, त्यानेच त्याला अडवून धरले. कामगार हवा होता. त्याचे घर नको होते.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने राहण्याची योग्य सोय करावी आणि विस्थापन भत्ता द्यावा, अशी तरतूद होती. तिची अंमलबजावणी क्वचितच झाली. २०२० च्या संहितेत तो कायदा विलीन करताना विस्थापन भत्ताच वगळण्यात आला. बोट धरायला जी ओळ होती, तीही पुसली गेली.

म्हणून संघटनेपुढील काम स्पष्ट आहे. वेतनवाढीच्या मागणीपत्रकात निवाऱ्याची मागणी शेवटच्या कलमात ढकलून चालणार नाही. ती वेतनाचाच भाग आहे. कारखान्याच्या फाटकावरची सभा पुरेशी नाही; संध्याकाळी शेडमध्ये आणि खोल्यांच्या ओळीत, कामगाराला समजेल त्या भाषेत पोहोचले पाहिजे. शेडमधल्या बाईला पाणी कोठून आणावे लागते, हाही युनियनचा प्रश्न आहे.

या वस्तीत जन्मलेली मुले कन्नड शाळेत जातात. आईबापांचे गाव त्यांच्यासाठी सुटीतला प्रवास असतो. त्यांना 'ऊरु' विचारले तर ती यशवंतपूर सांगतात. त्यांच्या लेखी बिऱ्हाडाचे घर झाले आहे; शहराच्या दप्तरी अजून झालेले नाही. ते करून घेणे ही लढाई आहे.