ज्वारीच्या पोत्यातले पाच गहू
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज ज्वारीच्या भावाबद्दल बोलायचे आहेच, पण वाट जरा वेगळी धरतो. आपल्यात अशी माणसे आहेत की ज्यांना गव्हाची एक पोळीसुद्धा विष आहे. विष हा शब्द टाळ्या घेण्यासाठी वापरत नाही. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. जवातही त्याचा भाऊबंद आहे. सीलिअॅक नावाच्या आजारात हे प्रथिन पोटात गेले की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मूल जेवते, पण वाढत नाही. सारखी हगवण, पोट फुगलेले, रक्त कमी. घरचे आधी जंताचे औषध देतात, मग टॉनिक, मग अंगारा. उपाय एकच आहे : गहू आणि जव जन्मभर बंद. गव्हाची अॅलर्जी हा याहून वेगळा विकार, पण गहू त्यांनाही वर्ज्यच.

हे ध्यानात कसे आले? विलेम डिक हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. सारा मुलूख उपाशी, आणि या आजाराची मुले मात्र सुधारली! पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० साली डिक यांनी आपला प्रबंध मांडला.

आपल्याकडे बरीच वर्षे हा गोऱ्यांचा आजार समजला गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असे प्रमाण आढळले. गहू जिथे जास्त खातात तिथे आजार जास्त. आपण मधले. आजोबांच्या ताटात भाकरी होती, नातवाच्या डब्यात पोळी आणि बिस्किट आहे.

आता या लोकांनी खायचे काय? ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, राजगिरा, मका, तांदूळ. म्हणजे आपल्या कोरडवाहू रानात जे पिकते ते! सकाळच्या न्याहारीला नाचणीची आंबील, ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, तांदळाचे घावन, पोहे. नागपंचमीला आपण लाह्या फोडतो आणि वर्षभर विसरतो. शहरात त्याच लाह्या खोक्यात भरून विकतात.

पण फसगतीच्या जागा पुष्कळ आहेत. खपली हा गहूच आहे. ‘खपली चालते’ म्हणून सांगणारा व्यापारी त्या मुलाचा वैरी समजा. रवा, शेवया, दलिया म्हणजे गहूच. सातूच्या पिठात गहू नाहीतर जव असतो. मक्याचे म्हणून विकतात त्या कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा जवाचे माल्ट घातलेले असते. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू टाकायची अनेक घरांची रीत आहे. आणि डबीतल्या हिंगात मैदा असतो, हे किती जणींना ठाऊक आहे?

आमच्या तालुक्यातल्या एका बाईंनी मुलाचा गहू सहा महिने कडक बंद ठेवला. भाकरी घरच्या ज्वारीची. तरी पोर सुधारेना. शेवटी कळले की दळण गावच्या गिरणीत, गव्हाच्या पाठोपाठ पडत होते. इथे आपला, उत्पादकांचा, विषय सुरू होतो.

‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहायचे तर कायद्याने किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हिशोब करा. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यातले ग्लुटेन तीन-साडेतीन मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे आले की मर्यादा संपली. पीठ म्हणाल तर पाव ग्रॅम, एक चिमूट! गिरणीच्या दगडात आणि कापडी पिशवीत याच्या कितीतरी पट पीठ अडकून राहते.

तेव्हा ज्वारी शुद्ध पिकते, ती बिघडते पुढे. रब्बीची ज्वारी आणि गहू एकाच हंगामात खळ्यावर येतात. मळणी यंत्र सकाळी गव्हाला, दुपारी ज्वारीला. बारदान तेच, कोठी तीच, अडतीत दोन्ही ढीग शेजारी.

२०२४-२५ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये जाहीर झाला. किलोला चौतीस रुपये. शहरात खात्रीच्या पाकिटाला गिऱ्हाईक याच्या कितीतरी पट मोजते. तो वरचा पैसा खात्रीचा आहे, आणि खात्री आपल्याला करता येते. गहू न गेलेले मळणी यंत्र, किंवा पहिली दोन पोती बाजूला काढून घरी खायची. बारदान नवे. आणि सुरुवात दाण्याने करा, पिठाने नको. दाण्यात गहू डोळ्याला दिसतो, निवडता येतो. नाचणी-राळ्यात तर चाळणीवरच राहतो. पिठात तो देवालाही दिसणार नाही. घरघंटी असलेल्या गिऱ्हाइकाला निवडलेला दाणा द्या. प्रयोगशाळेचा दाखला हातात आल्याशिवाय पोत्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहू नका. ‘ज्वारीने साखर बरी होते’ असलेही काही छापू नका. तसली जाहिरात करायला दुसरे लोक आहेत.

रेशनचेही बोलले पाहिजे. ज्या घरात असा रुग्ण आहे त्याला दुकानातून गहू मिळतो, तो त्याला विकावा लागतो आणि ज्वारी बाजारभावाने घ्यावी लागते. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य आहे. डॉक्टरचा दाखला असलेल्या घराला गव्हाऐवजी ज्वारी द्या, एवढी साधी मागणी तहसीलदारांकडे लेखी करायची आहे.

मायबहिणींना एक सांगणे. कुणाच्या मुलाची लक्षणे अशी असतील तर घाईने गहू बंद करू नका. आधी रक्ताची टीटीजी तपासणी करा. गहू सोडल्यावर तपासणीत आजार सापडत नाही.

ज्यांच्या गावात गिरणी बंद पडून आहे, ती धुऊनपुसून फक्त ज्वारी-बाजरीला वापरता येईल, त्यांनी चहाच्या सुट्टीत नावे द्यावीत. दगड नवे बसवावे लागतील. त्याचा खर्च वर्गणीतून कसा उभा करायचा, ते जेवणानंतर ठरवू.