बॅट, लेखणी आणि सभेतलं मत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला दिनानिमित्त आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिला दिनाचं भाषण पुरुषाने करावं, तेही बँकेतून निवृत्त झालेल्या पुरुषाने, याचं काहींना नवल वाटलं असेल. सचिवांनी विषय माझ्यावर सोडला. अट एकच घातली, की वेळेत आटपा, नंतर भेळ आहे. तेव्हा मुद्द्यावर येतो.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुम्ही कुणी विसरला नसाल. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि भारताच्या मुलींनी पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. आपल्या आवारात त्या रात्री जो जल्लोष झाला, त्यात आजीबाईसुद्धा गॅलरीत येऊन थाळ्या वाजवत होत्या. मला आज त्या विजयाबद्दल बोलायचं नाही. हा विश्वचषक सुरू कुणी केला, त्या बाईंबद्दल बोलायचं आहे.

मुलांना एक प्रश्न विचारतो. क्रिकेटचा विश्वचषक आधी कुणाचा झाला, पुरुषांचा की बायकांचा? पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७५ साली झाला. बायकांचा त्याच्या दोन वर्षं आधी, १९७३ मध्ये, इंग्लंडमध्ये. आणि तो घडवून आणण्यात ज्यांचा सगळ्यात मोठा वाटा होता, त्यांचं नाव रेचल हेहो फ्लिंट.

बाईंचा जन्म ११ जून १९३९ चा, इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या गावातला. शिक्षण शारीरिक शिक्षणाचं. सुरुवातीला शाळेत पी.टी.च्या शिक्षिका. १९६० मध्ये इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळल्या. १९६३ मध्ये ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी षटकार मारला. महिलांच्या कसोटीतला तो पहिला षटकार. १९६६ मध्ये कर्णधार झाल्या आणि त्यांच्या हाताखाली इंग्लंड एकही कसोटी हरलं नाही. १९७६ मध्ये, पुन्हा ओव्हलवरच, सामना हातचा जातोय असं दिसत असताना आठ तासांहून जास्त वेळ खेळपट्टीवर पाय रोवून उभ्या राहिल्या, १७९ धावा केल्या आणि सामना वाचवला. ही चिकाटी ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता दुसरी बाजू. त्या काळात महिला क्रिकेटपटूंना पैसा मिळत नसे. दौऱ्याला जायचं तर खर्चाची जुळवाजुळव आपली आपण करायची. आणि वर्तमानपत्रात बातमी? आलीच तर चार ओळी, त्याही कपड्यांबद्दल. रेचलबाईंनी हे ओळखलं, की नुसतं चांगलं खेळून भागणार नाही. जे छापून येत नाही, ते लोकांच्या लेखी घडलेलंच नसतं. शाळेची नोकरी सोडून त्या आपल्या गावच्या वर्तमानपत्रात वार्ताहर झाल्या. पुढे डेली टेलिग्राफसारख्या मोठ्या पत्रात लिहिलं, आयटीव्ही वाहिनीवर क्रीडा वार्ताहर म्हणून दिसल्या. तेव्हा टीव्हीवर बाईने खेळाबद्दल बोलणं म्हणजे अप्रूप होतं. स्वभाव विनोदी, लिखाण खुसखुशीत. हसवता हसवता आपला मुद्दा समोरच्याच्या गळी उतरवायचा, ही त्यांची हातोटी.

या ओळखीपाळखीतूनच विश्वचषक उभा राहिला. त्यांच्याच गावचे एक धनवान उद्योजक होते, जॅक हेवर्ड. त्यांनी स्पर्धेसाठी ४०,००० पौंड दिले. सात संघ खेळले. शेवटचा सामना २८ जुलै १९७३ रोजी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर झाला. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ९२ धावांनी हरवलं आणि राजकन्या अ‍ॅन यांच्या हस्ते चषक रेचलबाईंनी स्वीकारला. भारताचा संघ त्यात नव्हता. पण योगायोग पाहा, त्याच १९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. संघ होते तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. आजच्या झाडाचं बी तेव्हा पेरलं गेलं.

एवढं सगळं केल्यावर तुम्हाला वाटेल, बाईंना मखरात बसवलं असेल. तसं झालं नाही. १९७७ मध्ये त्यांचं कर्णधारपद काढून घेतलं गेलं. पुढच्याच वर्षीचा विश्वचषक भारतात झाला, पण इंग्लंडच्या संघात त्यांना जागा मिळाली नाही. वय चाळिशीला आलेलं. दुसरं कुणी असतं तर बॅट माळ्यावर टाकून गप्प बसलं असतं. बाईंची मोठी खेळी मात्र पुढेच होती.

ती खेळी समजण्यासाठी लंडनच्या लॉर्ड्सवर जावं लागेल. तिथे एक क्लब आहे, मेरिलिबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी. स्थापना १७८७ ची. हा क्लब साधा नाही. क्रिकेटचे कायदे जगभरासाठी तोच लिहितो. पायचीत कधी द्यायचं, नोबॉल कशाला म्हणायचं, हे त्याच्या वहीत ठरतं. आणि या क्लबमध्ये बाईला सभासद होता येत नव्हतं. १९७६ मध्ये रेचलबाईंनी लॉर्ड्सवर महिलांचा पहिला सामना खेळून, जिंकून दाखवला. पण सभासद म्हणून पॅव्हेलियनमध्ये बसण्याची सोय नाही!

इथे कोणी म्हणेल, कोर्टात जायचं. इंग्लंडमध्ये १९७५ साली स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झालाही होता. पण खासगी क्लब त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद. उरला एकच मार्ग. क्लबचा नियम क्लबच्याच सभेत, क्लबच्याच मतदानाने बदलायचा.

१९९१ मध्ये बाईंनी सभासदत्वाचा अर्ज केला. अर्जावर नाव लिहिलं, 'आर. फ्लिंट'. बाई की पुरुष, कळायला मार्ग नाही. मला हे वाचून फार हसू आलं. बँकेत तीस-पस्तीस वर्षं अर्ज तपासण्यात गेली. अर्जदाराचा असा गनिमी कावा क्वचितच पाहिला. अर्थात तेवढ्याने दार उघडलं नाही. वर्षं गेली. बाई लिहीत राहिल्या, बोलत राहिल्या, एकेका सभासदाला पटवत राहिल्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये ठराव मताला आला. बाजूने सुमारे ५६ टक्के मतं पडली. बहुमत झालं, ठराव मात्र पडला, कारण नियम बदलायला दोन तृतीयांश मतं लागत होती.

इथे आपल्यातल्या सभा गाजवणाऱ्या मंडळींनी कान द्यावा. ठराव पडला म्हणून बाईंनी आणि त्यांच्या बाजूच्या सभासदांनी राजीनामे फेकले नाहीत, की क्लबच्या दारात खुर्च्या टाकून बसले नाहीत. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष कॉलिन इंग्लबी-मॅकेन्झी यांनीही प्रश्न लावून धरला. सात महिन्यांत ठराव पुन्हा आला. २८ सप्टेंबर १९९८ रोजी ९,३९४ मतं बाजूने आणि ४,०७२ विरोधात. टक्केवारी झाली सुमारे ७०. दोनशे अकरा वर्षांचा नियम मोडला, तो दगड मारून नव्हे, मतपत्रिकेने. पुढच्या वर्षी ज्या पहिल्या दहा महिलांना मानद आजीव सभासदत्व मिळालं, त्यांत रेचलबाई होत्या. २००४ मध्ये त्या क्लबच्या मुख्य समितीवर निवडून गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या.

त्यानंतर २०१० मध्ये इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या संचालकांत त्यांची नेमणूक झाली, आणि २०११ मध्ये त्या ब्रिटनच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, जाऊन बसल्या. शाळेतली पी.टी.ची शिक्षिका, मग कर्णधार, मग वार्ताहर आणि शेवटी देशाचे कायदे करणाऱ्या सभागृहाची सदस्य, असा हा प्रवास. मधल्या काळात २०१० मध्ये ब्रिटनमध्ये समानतेचा नवा कायदा आला आणि खासगी क्लबही त्याच्या कक्षेत आले. आणि ज्या क्लबात बाईला जागा नव्हती, त्याच एमसीसीने २०२१ मध्ये क्रिकेटच्या कायद्यांतून 'बॅट्समन' हा शब्द काढून 'बॅटर' लिहिला.

रेचलबाई १८ जानेवारी २०१७ रोजी गेल्या. सहा महिन्यांनी, जुलैमध्ये, लॉर्ड्सवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्टेडियम खचाखच भरलेलं. समोर आपला भारत. मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या, पण आपण ९ धावांनी हरलो. त्या दिवशी आपण सगळे हळहळलो, पण ज्या मैदानावर हे घडलं त्याच्या दाराची कडी कुणी काढली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. आज लॉर्ड्सच्या एका दाराला त्यांचं नाव आहे. आणि वर्षातल्या सर्वोत्तम महिला क्रिकेटपटूला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद जो पुरस्कार देते, तोही त्यांच्याच नावाचा. तो दोनदा, २०१८ आणि २०२१ साठी, आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला मिळाला आहे. म्हणजे बाईंचं नाव सांगलीच्या एका घरातल्या कपाटापर्यंत येऊन पोचलं!

आपल्याकडेही असा प्रवास झाला आहे. मुंबईच्या डायना एडलजी भारताच्या कर्णधार होत्या. २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने भारतीय क्रिकेट मंडळाचा कारभार पाहायला प्रशासकांची समिती नेमली, त्यात त्या होत्या. खेळाडू कारभाराच्या टेबलापाशी बसली की कोणते प्रश्न पुढे येतात, हे त्यामुळे दिसलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने भारताच्या पुरुष आणि महिला खेळाडूंना सामन्याचं मानधन सारखं केलं. एका दिवसात झालेली ही गोष्ट नव्हे.

आता लॉर्ड्सवरून आपल्या सभागृहात येऊ या. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. बाग, गणपती, कोजागिरी, ज्येष्ठांची सहल, या सगळ्यांत भगिनींचा हात पुढे असतो, किंबहुना त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पण वार्षिक सर्वसाधारण सभेचा हजेरीपट काढून बघा. सह्या बहुतेक पुरुषांच्या. कायद्याने समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, त्या भरतानाही सचिवांना घरोघरी विनवण्या कराव्या लागतात. याचं कारण भगिनींना रस नाही, हे नव्हे. बऱ्याच घरांत भाग दाखल्यावर एकट्या नवऱ्याचं नाव आहे. नाव नाही म्हणजे मत नाही. मत नाही म्हणजे सभेला जाऊन करायचं काय?

याला उपाय आहे आणि त्यासाठी लॉर्ड्ससारखी लढाई लढावी लागणार नाही. सभासदाने लेखी शिफारस केली तर पत्नी सहयोगी सभासद होऊ शकते, आणि त्याच्या लेखी संमतीने त्याच्या वतीने सभेत बसून मत देऊ शकते. अर्ज कार्यालयात मिळतो. आमच्या घरी हा अर्ज मागेच भरला. सौभाग्यवती पहिल्याच सभेला गेल्या आणि त्यांनी टँकरच्या पाण्याचा हिशोब विचारला. खजिनदार आजही माझ्याकडे पाहून हसतात.

बँकेतल्या नोकरीत एक गोष्ट मी सतत पाहिली, म्हणून आवर्जून सांगतो. नवरा गेल्यावर काउंटरवर येणारी बाई आधी विचारायची, "साहेब, सही कुठे करू?" खातं कुठलं, कर्ज किती, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळायचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही तेव्हाच समजायचं. ज्या घरात कागदपत्रं दोघांनी बसून वाचलेली असायची, त्या घरातल्या बाईच्या दुःखात निदान ही भर नसायची. सहयोगी सभासदत्वाने घराची मालकी मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यासाठी वेगळे कागद आणि वकिलाचा सल्ला लागतो. पण सभेत बसायची सवय लागली की बाकीचे कागद आपोआप विचारले जातात.

मुलींनो, तुम्हाला एवढंच सांगेन. खेळा, भरपूर खेळा. पण खेळाबरोबर लिहायला शिका आणि नियम वाचायला शिका. षटकार मारला की टाळ्या मिळतात. नियम बदलायचा तर सभेत हात वर करावा लागतो, आणि एकदा पडलेला ठराव पुन्हा आणायची तयारी ठेवावी लागते.

रौप्यमहोत्सवी वर्षाची सर्वसाधारण सभा लवकरच आहे. तिच्या आधी कार्यालयात सहयोगी सभासदत्वाच्या अर्जांचा गठ्ठा जमला, तर या भाषणाचं सार्थक झालं असं मी समजेन. पुरुष मंडळींनी आज घरी गेल्यावर भाग दाखला कपाटातून काढावा आणि दोघांनी मिळून वाचावा.

सचिव घड्याळ दाखवतायत, आणि भेळेचा वासही येतोय.

जय हिंद, जय महाराष्ट्र!