लिनक्सचे मूळ पार्टिशन भरते तेव्हा

लिनक्स संगणकाचे मूळ पार्टिशन शंभर टक्के भरले की अपडेट अर्धवट अडकते, कधी लॉगिनही होत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. तिलाही हे लागू पडते. आधी 'डीएफ' आज्ञेने कोणते पार्टिशन भरले ते पाहावे, मग 'डीयू'ने त्यातली जड फोल्डर शोधावीत. बहुधा भार 'व्हार' फोल्डरमध्ये सापडतो. तिथल्या सिस्टिमच्या जुन्या नोंदी 'जर्नलसीटीएल'च्या व्हॅक्यूम पर्यायाने कमी होतात. डेबियनवर आधारलेल्या प्रणालीत 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा जुने कर्नल काढते. चालू कर्नल आणि त्याआधीचा एक मात्र राहू द्यावा. 'ॲप्ट क्लीन' डाउनलोड केलेल्या पॅकेजच्या फाइली पुसते. आलापल्लीसारख्या जंगलपट्ट्यातल्या गावात नेट मंद असेल, तर त्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवणे फार मोलाचे. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकाला त्या उपयोगी पडतात.

मोठी फाइल पुसूनही जागा वाढली नाही, तर बहुतेक वेळा एखादा प्रोग्रॅम ती उघडी धरून असतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला की जागा सुटते. 'यूएसआर' आणि 'लिब'मधल्या फाइली मात्र हाताने कधीही पुसू नयेत.